बांगडीचं माप

ट्रक दुपारी येणार होता. त्याच्या आत घरातल्या घरात काय ते मिटवायचं असं ठरल्यामुळे सगळं कुटुंब सकाळीच सोसायटीच्या शेडमध्ये हजर झालं होतं. आणि मिटवायला जमलेली माणसं बसतात तशीच बसली होती, एकमेकांकडे अर्धी पाठ करून, हातात काहीतरी काम धरून.

थोरलीनं आधी जागा पाहून घेतल्या. कोण कुणाच्या बाजूला आहे हे तिला बोलण्यावरून नव्हे, बसण्यावरून कळायचं. तिचे यजमान टेबलापाशी उभे होते. संत्री सोसायटीचे अध्यक्ष म्हणून गाव त्यांना अध्यक्ष म्हणायचं आणि चिडवायला म्हणून घर. धाकटा दीर दाराच्या चौकटीला टेकलेला, निम्मा आत, निम्मा बाहेर. सध्या तो सगळ्याच बाबतीत तसा होता. नणंद आपलं शिवणकामाचं दुकान बंद ठेवून आली होती, पण गळ्यातली टेप काढायची विसरली होती. तिचाही बागेत वाटा होता, त्यामुळे ती तटस्थ आहे असं ती स्वतःच सारखं सांगत होती. आणि धाकटी जाऊ? ती नवऱ्यापाशी नव्हे, सासूबाईंच्या शेजारी उलट्या क्रेटवर बसून संत्र्यांची देठं कातरत होती. हे थोरलीनं मनात जमेच्या बाजूला लिहून टाकलं. जाऊ अजून ट्रकमध्ये चढलेली नव्हती.

"दादा, मी जगावेगळं काय मागतोय?" धाकटा म्हणाला. "माझी झाडं, माझी संत्री, माझा ट्रक."

"ट्रक व्यापाऱ्याचा आहे."

"पैसे तर माझे? तो काट्यावर क्रेट ठेवला की हातावर नोटा ठेवतो. तुझी सोसायटी आज उचल देते आणि उरलेला फरक द्यायला पुढचा बहर यावा लागतो."

"फरक मिळतो ना पण? आबांनी सोसायटी काढायच्या आधी तो दलालाच्या खिशात जायचा."

"माझी मोटर जळून पडलीय दादा. झाडांना काय सांगू, फरक आला की पाणी पाजतो?"

अध्यक्षांनी आवाज वाढवला. "तो व्यापारी भाव देतोय तो तुझ्या चेहऱ्याकडे बघून देतोय का? समोर हे शेड उभं आहे म्हणून देतोय! तू गेलास की तुझ्यामागे दहाजण जातील. मोठी गिऱ्हाइकं म्हणतील, सोसायटीकडे माल पुरत नाही. शेडला कुलूप लागलं की मग बघ त्याचा भाव. आबांच्या आधी व्यापारी बांधावर उभा राहून बोलेल तो भाव होता. दोन-तीन एकरवाल्यानं काय करायचं? माल काय डोक्यावर घेऊन फिरायचा?"

"झालं, सभेतलं भाषण सुरू झालं," नणंद म्हणाली. "दादा, पाणी पी."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी तटस्थ आहे. पण मोटर खरंच जळलीय."

सासूबाई देठ कातरता कातरता म्हणाल्या, "दोघांनाही लहानपणी एकाच ताटात वाढलं असतं तर बरं झालं असतं. वेगळी ताटं दिली, तिथंच चुकलं माझं."

धाकटा आत आला. नुसता आला नाही, हातात चकचकीत पत्रा घेऊन आला. पत्र्याला दोन गोल भोकं होती, एक लहान, एक मोठं. व्यापाऱ्याकडचं माप. त्यानं तो टेबलावर आबांच्या फळीशेजारी ठेवला आणि सासूबाईंचा कातर चालवणारा हात थांबला.

थोरलीच्या सासऱ्यांची, आबांची, ही फळी म्हणजे या घरातलं सर्वांत जुनं माणूस. लांब, जाड, तेल पिऊन काळपट झालेली. ती उतरती लावायची आणि वरून संत्री सोडायची. लहान भोकातून पडेल ते तीन नंबर, रसाच्या कारखान्याला. मोठ्या भोकातून पडेल ते दोन नंबर. आणि दोन्ही ओलांडून खालच्या पोत्याच्या पाळण्यात जाईल ते एक नंबर. सोसायटी सुरू केली तेव्हा आबांपाशी माप नव्हतं, म्हणून त्यांनी बायकोच्या हातातली चांदीची बांगडी काढून घेतली, फळीवर ठेवली आणि बाहेरून खिळ्यानं कड आखली. आखल्यावर दिसलं की नेमकी तिथंच लाकडात गाठ आहे. मग तिथं न कापता वीतभर पुढं दुसरं वर्तुळ आखलं आणि ते कापलं. गाठीवरचं पहिलं वर्तुळ तसंच राहिलं. आता त्यावर सगळे चहाचा पेला ठेवायचे.

ती बांगडी पुढं सासूबाईंनी थोरलीच्या हातात चढवली. आणि फळी अध्यक्षांच्या वाट्याला आली. दर हंगामाआधी दोन दिवस ते कुणाशी बोलायचे नाहीत. बारीक पॉलिश पेपर घेऊन भोकांच्या कडा आतून घासायचे, सालीला ओरखडा जाऊ नये म्हणून. मग जवसाचं तेल, मग पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा तेल. थोरली म्हणायची, माझ्या टाचांकडे कधी इतकं लक्ष दिलं नाहीत.

"एकच क्रेट," धाकटा म्हणाला. "आधी आपल्या फळीवरून, मग या पत्र्यावरून. सगळ्यांच्या समोर. मग बोलू."

"आबांची फळी पत्र्याशी पैज लावणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

"का? हरेल म्हणून?"

"लावू द्या की हो," थोरली म्हणाली. तिचं मन म्हणत होतं, नको. पण नको म्हटलं की संशय कायमचा घरात राहायला येतो, हेही तिला ठाऊक होतं. "भाऊजी, क्रेट आणा. वन्सं, तुम्ही तटस्थ आहात ना? मग तुम्ही मोजा."

क्रेट आला. जावेच्या हातची संत्री, एकसारखी, टपोरी. अध्यक्षांनी आपल्या हातानं एकेक सोडलं. गडगड, टप्. गडगड, टप्. बहुतेक संत्री मोठ्या भोकाशी आली, क्षणभर काठावर डोलली आणि आत पडली. पाळण्यात गेली ती मूठभर. मग तीच संत्री पत्र्यावरून सोडली आणि निम्म्याहून जास्त पुढं निघून गेली.

नणंदेनं आकडा सांगायला तोंड उघडलं आणि दादाकडे बघून मिटलं.

"लबाड आहे तो पत्रा," अध्यक्ष म्हणाले. "भोक मुद्दाम लहान कापलंय. यंदा सगळंच एक नंबर म्हणायचं, पोरांना भुलवायचं. दोन वर्षांनी भोक मोठं करायचं."

"आणि आपली फळी? तिला कधी कुणी विचारलं?"

"आबांनी कापलीय ती!"

"म्हणूनच म्हणतो, कुणी विचारलं नाही."

"बाळ्या, तोंड सांभाळ."

"बाळ्या म्हणू नकोस. केस पिकलेत माझे."

"केस पिकले म्हणून अक्कल—"

"अहो!" थोरली म्हणाली. पण तोवर धाकट्यानं जायची तयारी केली होती. त्यानं बायकोकडे बघून मानेनं खूण केली, चल. जाऊ उठली नाही. तिनं थोरलीकडे बघितलं. त्या बघण्यात मोटर होती, दोन घरांमधली एक विहीर होती, आणि उद्यापासून विहिरीवर कुणी कुणाशी बोलायचं हा प्रश्न होता.

थोरलीनं हाताला काहीतरी काम हवं म्हणून फळी पुसायला घेतली. मोठ्या भोकाच्या खाली टोपलीच्या काठाशी एक संत्रं अडकलं होतं. ते काढायला तिनं वरून भोकात हात घातला, संत्रं धरलं, सोडवून टोपलीत ढकललं आणि हात बाहेर काढला.

आणि ती तशीच उभी राहिली.

नवी नवरी असताना तिनं हेच केलं होतं. पहिल्याच हंगामात, चाळीस सभासदांसमोर. भोकात हात घातला, मनगटावरची बांगडी भोकात चपखल बसली आणि हात ना आत जाईना ना बाहेर येईना. आबांनी तेलाची बाटली आणून तिला सोडवली होती आणि पुढं वर्षभर पाहुण्यांना सांगत फिरले होते, आमची सून एक नंबरची, फळीनं सोडली नाही. अजूनही घरात कुणाचं लग्न ठरलं की ती गोष्ट निघतेच.

तिनं पुन्हा हात घातला. कोपरापर्यंत. बांगडी काठाला किणकिणत आत गेली आणि किणकिणत बाहेर आली.

तेव्हा तिला कळलं. पॉलिश पेपर. दर वर्षी दोन दिवस, इतकी वर्षं. यजमानांनी त्या भोकाची जेवढी माया केली होती, तेवढं ते वाढलं होतं.

गप्प बसावं, हा पहिला विचार आला. गप्प बसलं तर दुपारी ट्रक येईल, दीर जाईल, मागोमाग बाकीचे. बोललं तर यजमानांना सगळ्यांसमोर ऐकावं लागेल की चाळीस घरांच्या एक नंबरच्या मालाला दोन नंबरचा भाव त्यांच्याच हातांनी मिळाला. दोन्हीकडे तोटाच होता. फक्त एका बाजूचा तोटा भरून निघण्यासारखा होता.

"अहो, जरा इकडे या," तिनं क्रेटच्या थप्पीमागून हाक मारली.

अध्यक्ष आले. तिनं हळू आवाजात सांगितलं. ते आधी हसले, मग रागावले, मग म्हणाले, "बांगडी झिजली असेल."

"चांदी झिजली आणि लाकूड नाही?"

"तू वाळली असशील."

"हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा ऐकतेय. मनगटाचा काय संबंध? काढून बघू."

"काय कुजबुज चाललीय?" नणंदेनं हाक दिली. "सभा उघडी असते, असं तूच सांगतोस ना दादा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. थोरली पुढं आली आणि म्हणाली, "बांगडी काढायचीय. कुणीतरी साबण आणा."

पुढचा काही वेळ सोसायटी, व्यापारी, मोटर सगळं बाजूला पडलं. बांगडी निघेना. शेडच्या नळाखाली थोरलीचा हात धरून जाऊ साबण लावत होती, नणंद ओढत होती, सासूबाई बसल्या जागेवरून सांगत होत्या, "अंगठा आत घे, अगं अंगठा! मी रोज काढायची." धाकटा लांब उभा राहिला होता तो न राहवून आला. "ताई, तू ओढू नकोस, फिरव. वहिनी, हात सैल सोडा."

"सैलच आहे भाऊजी, तुमच्या भावानं आत्ताच सांगितलं, मी वाळलेय."

बांगडी सुटली तेव्हा नणंद दोन पावलं मागं कोलमडली आणि सगळे हसले, अध्यक्ष सोडून. थोरलीनं बांगडी पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली. करायचं असेल तर त्यांनीच करायचं.

त्यांनी बांगडी मोठ्या भोकावर आडवी ठेवली. म्हणजे ठेवायला गेले. ती ठेवलीच गेली नाही. काठाला न टेकता सरळ खाली गेली आणि दोन नंबरच्या टोपलीत जाऊन पडली.

"घ्या," सासूबाई म्हणाल्या, "माझीच बांगडी दोन नंबरात गेली."

जावेनं पदर तोंडावर धरला. धाकटा मात्र हसला नाही. तो दादाकडे बघत होता.

"बांगडी झिजलीय," अध्यक्ष पुन्हा म्हणाले, पण आता ते कुणाला सांगत नव्हते.

थोरलीनं फळीच्या वरच्या टोकाचा चहाचा पेला उचलला, गाठीवरचा ओला गोल पदरानं पुसला आणि टोपलीतली बांगडी आणून आबांनी खिळ्यानं आखलेल्या वर्तुळात ठेवली. चपखल बसली. चारी बाजूंनी खिळ्याची रेघ तिला चिकटून होती. त्या वर्तुळाला कुणी कधी पॉलिश पेपर लावला नव्हता. ते बिनकामाचं होतं ना.

अध्यक्ष क्रेटवर बसले. त्यांचा एक हात नकळत फळीच्या कडेवरून फिरायला लागला, मग लक्षात येऊन त्यांनी तो मागं घेतला.

"आणि मी," ते म्हणाले, "मी सगळीकडे फुशारकी मारत फिरलो. आपला दोन नंबर बाजारात गेला की गिऱ्हाइकं रांग लावतात म्हणून."

"लावणारच," नणंद म्हणाली. तिचा आवाज नरम झाला होता. "एक नंबर दोन नंबरच्या भावात कोण सोडेल? मी पण लावली असती."

"सगळ्यांचं नुकसान केलं मी. तुझं, हिचं, चाळीस घरांचं. माझं स्वतःचं."

यावर धाकट्यानं काहीतरी लागट बोलायला हवं होतं. सकाळपासून तो त्यासाठीच तर उभा होता. थोरली त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं टेबलावरचा पत्रा उचलला, आबांच्या वर्तुळातली बांगडी उचलली आणि पत्र्याच्या मोठ्या भोकावर ठेवली. बांगडी आत गेली नाही. नुसती वर बसली, घट्ट झाकणासारखी.

"हं," तो म्हणाला. "हे तर लहान आहे. दादा म्हणाला तेच."

"म्हणजे तो आपल्याला हक्कापेक्षा जास्त देतोय?" जावेनं विचारलं.

"यंदा," नणंद म्हणाली. "मीही नव्या गिऱ्हाइकाला पहिलं पोलकं कमी पैशांत शिवून देते. दुसरं नाही."

दोघेही भाऊ खरे निघाले होते आणि त्यामुळे दोघांचीही तोंडं उतरली होती. हे थोरलीला फार आवडलं. एकजण खरा निघाला असता तर दुसऱ्याला कायमचं खाली बघावं लागलं असतं.

"उद्याच्या सभेत मी सांगेन," अध्यक्ष म्हणाले. "फळीसकट सांगेन. मग त्यांना दुसरा अध्यक्ष हवा असेल तर करू देत."

"मी सांगते हवं तर," थोरली म्हणाली. "बांगडी माझी आहे."

"नको. पॉलिश पेपर माझा होता."

धाकटा त्यांच्यासमोरच्या क्रेटवर बसला. दोन्ही भावांचे गुडघे जवळजवळ लागले. "सांगताना आणखी एक सांग. फरक वर्षाकाठी नको. पंधरवड्याला द्यायचा, माल विकला जाईल तसा. सगळ्यांच्या मोटरी वर्षातून एकदाच जळत नाहीत."

"राखीव निधीवर ताण येईल."

"येऊ दे. आता एक नंबर खरोखर एक नंबरात जाणार आहे, जास्त पैसा येईल. हिशेब कर की अध्यक्ष."

त्यानं अध्यक्ष म्हटलं आणि चिडवायला म्हटलं नाही. निदान पूर्ण चिडवायला नाही.

"ठराव तू मांड," अध्यक्ष म्हणाले. "मी मांडला तर म्हणतील, पाप धुतोय."

"मी मांडायचा तर मला सभासद राहावं लागेल."

"हो ना. ती अडचण आहे खरी."

धाकटा उठला, शेडच्या कोपऱ्यात पडलेली जुन्या दाराची एक फळी ओढून आणली आणि नणंदेसमोर टाकली. "ताई, खडू आहे?"

"शिंपिणीला खडू आहे का विचारतो," नणंद म्हणाली आणि पिशवीतून निळा खडू काढला. तिनं बांगडी ठेवून कड आखली, एकदा नव्हे तीनदा, तीन ठिकाणी. "दोन वर्तुळं अशीच राहू द्यायची. न कापता. दर हंगामाला बांगडी आणून यावर ठेवायची, मग भोकावर ठेवायची. आणि दादा—"

"कळलं. पॉलिश पेपर नाही."

"तेल लाव हवं तेवढं."

"बांगडी मग सोसायटीच्या कपाटातच ठेवू," अध्यक्ष म्हणाले. "कुलपात. माप आहे ते."

"अजिबात नाही," थोरली म्हणाली. "माप माझ्या हातातच राहील. हंगाम आला की सोसायटीनं माझ्याकडे यायचं. अध्यक्षांनी स्वतः, आणि नीट विचारायचं."

सासूबाई पुन्हा देठं कातरायला लागल्या होत्या. "बरोबर आहे. मी तेव्हा फुकट दिली. तिथंही चुकलंच माझं."

धाकट्यानं बारीक करवतीनं भोक कापलं. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी फळी दाबून धरली होती; दोघांच्याही नाकावर भुसा बसला आणि दोघंही अगदी आबांसारखी जीभ दातात धरून होते. जावेनं थोरलीला कोपरानं ढोसून दाखवलं. कापून झालं. अध्यक्षांचा हात सवयीनं खिशातल्या पॉलिश पेपरकडे गेला आणि चार जणांनी एकदम "अंहं!" केलं.

"मग करवतीची कुसळं सालीला लागतील की!"

"उलट्या पेल्यानं घासून घ्या," जाऊ म्हणाली. ती सकाळपासून पहिल्यांदाच थोरल्या दिरांशी सरळ बोलली. "काच लाकूड खात नाही, नुसतं दाबते."

बांगडी पुन्हा थोरलीच्या मनगटावर चढली होती. साबण अजून ओला होता म्हणून सहज चढली. तिनं नवी फळी उभी धरली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि भोकात हात घातला. बांगडी काठाला लागली, जरा कुरकुरली आणि घट्ट बसली.

"अडकली," ती म्हणाली.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. एकदा, मग लांब.

कुणी हललं नाही. सासूबाईंच्या मांडीवरचं एक संत्रं घरंगळून जमिनीवर गेलं, तेही कुणी उचललं नाही. अध्यक्षांनी धाकट्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली, मागितल्यासारखं वाटू नये म्हणून. थोरली तशीच उभी, एक हात फळीत, कुणाच्याही उपयोगाची नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "आधी मला सोडवता का?"

धाकट्यानं टेबलावरचा पत्रा काखेत मारला आणि दाराकडे निघाला. चौकटीत क्षणभर थांबला, सकाळी टेकला होता तिथंच.

"दादा सोडवेल," तो म्हणाला. "तेलाची बाटली त्याच्याचकडे असते. मी व्यापाऱ्याचा पत्रा परत देऊन, ट्रक रिकामाच वळवून येतो."